अडत ॲपचा खालचा बार आणि तीन ठिपके : कामाच्या नोंदी, सांगली

७ जुलै २०२५, सोमवार

काम : सांगली मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानाचे शेतकऱ्यांसाठीचे अँड्रॉइड ॲप. माल हळद आणि बेदाणा. शेतकरी त्यात भाव बघतो, आपल्या लॉटचा सौदा झाला का बघतो, पट्टी बघतो आणि खात्यावरची बाकी बघतो.

निमित्त गूगल प्लेच्या मुदतीचे. ३१ ऑगस्ट २०२५ पासून अपडेट टाकायचे तर ॲपचे लक्ष्य अँड्रॉइड १५, म्हणजे एपीआय ३५ असले पाहिजे. ते केले की अँड्रॉइड १५ च्या फोनवर ॲप वरच्या घड्याळापासून तळाच्या बटणांच्या मागेपर्यंत आपोआप पसरते. मांडणीला हात लावावा लागणारच आहे, तर मेनूचाही निकाल याच फेरीत लावायचा.

शब्दाचा एक घोळ आधीच मिटवलेला बरा. या नोंदींत ‘पट्टी’ म्हणजे माल विकल्यावर मिळणारी अडतीची हिशेबपट्टीच. पडद्याच्या तळाला जी नेव्हिगेशनची रांग येते तिला ‘बार’ म्हणायचे आणि वरच्या उजव्या कोपऱ्यातल्या मेनूला ‘ठिपके’.

आजची स्थिती : डावीकडून सरकणाऱ्या मेनूत ११ नोंदी. ठिपक्यांत प्रत्येक पडद्यावर त्याच सहा. सेटिंग आणि मदत दोन्हीकडे आहेत. शिवाय अँड्रॉइड १० पासून, तळाच्या बटणांऐवजी बोटाच्या इशाऱ्यांवर चालणाऱ्या फोनवर, कडेवरून बोट ओढले की फोन ते ‘मागे’ समजतो. कडेवरून मेनू ओढायला गेलेला माणूस थेट ॲपच्या बाहेर जातो. कडेचा काही भाग या इशाऱ्यातून वगळता येतो, पण एका कडेला २०० डीपीच (डीपी हे अँड्रॉइडचे पडद्यावरचे माप, पिक्सेलच्या दाटीवर न अवलंबणारे), आणि ८०० डीपी उंच पडद्यावर तेवढ्याने भागत नाही. सरकणारा मेनू काढायचा हे ठरले.

सगळ्या १७ नोंदी कागदाच्या चिठ्ठ्यांवर लिहून टेबलावर मांडल्या. प्रत्येक चिठ्ठीला दोन प्रश्न : हे ठिकाण आहे की काम? काम असेल तर ते कशावर करायचे? ‘भाव’, ‘पट्टी’, ‘खाते’ ही नामे, तिथे जाता येते. ‘पाठवा’, ‘छापा’ ही क्रियापदे, त्यांना कर्म लागते. बारवर फक्त नामे. क्रियापद त्याचे कर्म ज्या पडद्यावर दिसते त्याच पडद्यावर. ‘पाठवा’ भावाच्या पडद्यावर होते, आणि ते पट्टी पाठवते की ॲपची लिंक, हे दाबल्याशिवाय कळत नव्हते.

९ जुलै, बुधवार

बारवर किती घरे? मटेरिअल डिझाइन, म्हणजे गूगलची मांडणीची नियमावली, ३ ते ५ सांगते. पाचच्या मोहात पडायच्या आधी हिशेब केला. यार्डात सर्रास दिसणारा फोन ७२० पिक्सेल रुंद, म्हणजे ३६० डीपी. पाच घरे केली तर प्रत्येकी ७२ डीपी, चार केली तर ९०. ‘बाजारभाव’ हा शब्द १२ एसपीत (एसपी हे अक्षरांचे माप, फोनवर अक्षरे मोठी केली की तेही वाढते) आमच्या फाँटने मोजला तर ४५ डीपीच्या आसपास. सध्या दोन्हींत बसतो. पण अक्षरे दुपटीने मोठी केलेल्या फोनवर तोच ९० ला टेकतो, ७२ मध्ये तर शेवटची दोन अक्षरे जाऊन तिथे टिंबे येतात. चाळिशी लागलेल्या माणसाने अक्षरे मोठी करायची आणि त्याच माणसाला अर्धा शब्द दाखवायचा, हे चालणार नाही.

चार घरे : भाव, माल, पट्टी, खाते. ‘होम’ नाही. होमवर ठेवण्यासारखे जे होते ते सगळे भावाच्या पडद्यावर आहे, आणि दिवसात पहिल्यांदा ॲप उघडते ते भावासाठीच.

उंची : मटेरिअल ३ चा बार ८० डीपीचा. ३६० बाय ८०० च्या पडद्यावर खाली तीन बटणांचे ४८ डीपी धरले तर १२८ डीपी जातात, सहावा हिस्सा. जुन्या पद्धतीच्या ५६ मध्ये निवडलेल्या चित्रामागची रंगीत गोळी आणि देवनागरी ओळ दोन्ही मावत नाहीत. इंग्रजी अक्षरांसाठी १६ डीपीची ओळ धरलेली असते. ‘पट्टी’ला वर वेलांटीचा बाक आणि खाली जोडाक्षराचा पाय, त्याला २० लागतात. म्हणून वर ८, गोळी ३२, मध्ये ४, अक्षरे २०, खाली ८, एकूण ७२.

लेबलची सेटिंग ‘ऑटो’ आहे ती ‘लेबल्ड’ करणे. ऑटोत तीन घरांपर्यंत सगळी नावे दिसतात, चौथे आले की फक्त निवडलेल्याचेच. बाकी तीन चित्रांवरून ओळखायची. नाव नेहमी दिसलेच पाहिजे.

११ जुलै, शुक्रवार

चित्रे. अर्धा दिवस गेला, पण गेला ते बरे झाले.

खाते : चित्रांच्या संग्रहात या अर्थाच्या शब्दाने शोधले की माणसाचे डोके येते, कारण तिकडे खाते म्हणजे प्रोफाइल. अडतीत खाते म्हणजे उचल, जमा, बाकी. माणसाचे चित्र बघून शेतकऱ्याला वाटणार इथे आपला फोटो आणि पत्ता असेल. वहीचे चित्र घेतले.

भाव : वर जाणारा बाण असलेला आलेख काढून टाकला. भाव पडलेल्या दिवशीही तो बाण वरच दाखवणार. ₹ घेतला.

माल : पोत्याचे तयार चित्र कुठे नीट मिळेना. २४ डीपीच्या चौकटीत स्वतः काढले : तोंड बांधलेले पोते, रेघ २ डीपी. पहिल्या प्रयत्नात शिवणीचे टाके दाखवले होते. २४ डीपीत त्यांचा नुसता चिखल दिसतो. टाके काढले, बांधलेली दोरी ठेवली.

पट्टी : लांब पावती, खालची कड दातेरी. यावर वाद नाही.

१५ जुलै, मंगळवार

रंग. दुकानाची पाटी हळदी रंगाची, म्हणून निवडलेले घर पिवळे हवे अशी मागणी. पांढऱ्यावर मटेरिअलच्या रंगयादीतल्या अँबर ५०० या पिवळ्याचा कॉन्ट्रास्ट १.६ भरतो. चित्राला किमान ३ आणि अक्षराला ४.५ लागतो. उन्हात तर ते घर पुसल्यासारखे दिसेल. तोड अशी : पिवळा रंग चित्राला न देता मागच्या ६४ बाय ३२ च्या गोळीला दिला आणि वर ग्रे ९०० चे गडद चित्र. आता जवळपास १० भरतो. हळदही राहिली, दिसतेही.

न निवडलेली घरे ग्रे ५०० मध्ये होती, २.७ भरत होती. ग्रे ६०० केली, ४.६.

१८ जुलै, शुक्रवार

आज ठिपके.

दुकानात वारंवार येणारी एक तक्रार आधी उकलली. शेतकरी फोनवर सांगतो, “दिवाणजी, तुम्ही म्हंताय ते पाठवायचं चिन्हच न्हाई की हितं.” दिवाणजींच्या फोनवर ते चिन्ह वर स्पष्ट दिसते. दोघेही खरेच बोलत असतात.

कारण मेनूच्या फाइलीत आहे. ‘शोधा’ आणि ‘पाठवा’ दोन्हींना ‘इफ रूम’ लावलेले, म्हणजे जागा असेल तर वर दाखव, नसेल तर ठिपक्यांत टाक. जागा आहे की नाही हे अँड्रॉइड पडद्याच्या रुंदीवरून ठरवते : ३६० डीपीच्या आत दोन जागा, ३६० पासून तीन, ५०० पासून चार. त्यातली एक जागा ठिपके स्वतः खातात. दिवाणजींचा फोन ३६० चा, तिथे शोधा, पाठवा, ठिपके असे तिघे बसले. शेतकऱ्याने सेटिंगमध्ये जाऊन पडद्यावरचे सगळेच मोठे करून घेतलेले. तसे केले की डीपीतली रुंदी कमी होते, ३२० च्या आसपास येते. मग शोधा आणि ठिपके एवढेच, आणि फाइलीत दुसऱ्या क्रमांकावर असलेले पाठवा ठिपक्यांच्या आत. फोन तोच, कंपनी तीच, तरी चिन्ह गायब.

ज्या ॲपची शिकवणी फोनवरून होते, तिथे बटणाची जागा फोनगणिक बदलून चालत नाही. ‘इफ रूम’ पूर्ण काढले. पट्टीच्या पडद्यावर पाठवा ‘ऑलवेज’, बाकी सगळे ‘नेव्हर’. ‘ऑलवेज’ एका पडद्यावर एकालाच. दोन-तीन लावले की अरुंद फोनवर पडद्याचे नाव चेपून जाते. शोधा फक्त यादीच्या पडद्यावर ठेवले. उघडलेल्या एका पट्टीत शोधायचे काय?

मग ठिपक्यांची झाडाझडती :

फिल्टर ठिपक्यांत होता. भावाच्या पडद्यावर राजापुरी, परपेठ, हिरवा बेदाणा, पिवळा, काळा ही निवड दिवसातून अनेकदा बदलते. ती वर चिप्सच्या, म्हणजे छोट्या बटणांच्या, रांगेत उघडी मांडली. निवड लपली की माणूस परपेठ हळदीचा भाव राजापुरीचा समजून बसतो, आणि ही चूक पैशाची आहे.

मदत, भाषा, सेटिंग प्रत्येक पडद्याच्या ठिपक्यांतून काढून खात्याच्या पडद्यावर खाली ओळींत. भाषा तेवढी पहिल्यांदा ॲप उघडताना विचारायची, कारण विजापूर-अथणी भागातला बेदाणा घेऊन येणाऱ्याला मराठी ‘सेटिंग’पर्यंत पोचायला लावणे बरोबर नाही.

‘बाहेर पडा’ हा शब्द बदलला. लोक तो ॲप बंद करायला दाबतात आणि पुढच्या वेळी ओटीपी मागितला की अडतात. ‘खाते काढा’ तर अडतीत भलताच अर्थ देईल. शेवटी ‘लॉगआउट’च ठेवले, खाली बारीक ओळ : पुन्हा येताना ओटीपी लागेल.

मेनूतल्या एका ओळीची उंची ४८ डीपी आणि अक्षरे एकाच ओळीत. खाली दुसरी ओळ होत नाही, उरलेले कापले जाते. ‘पीडीएफ डाउनलोड करून मोबाईलमध्ये सेव्ह करा’ मधले ‘सेव्ह करा’ कोणी कधी पाहिलेच नसेल. आता ‘पीडीएफ ठेवा’.

एकच ओळ उरली तर ठिपके ठेवायचे नाहीत, ती ओळ बटण करून बाहेर आणायची. ‘माल’च्या पडद्यावर असेच झाले, फक्त ‘लॉटचा फोटो जोडा’ उरले होते. भावाच्या ठिपक्यांत काहीच उरले नाही. आता ठिपके पट्टी आणि खाते या दोनच ठिकाणी.

पट्टीच्या यादीत प्रत्येक ओळीला वेगळे ठिपके होते, तेही काढले. ती कामे पट्टी उघडल्यावर मिळतात. यादीत बोट घसरून ठिपक्यांवर पडले की पट्टी उघडण्याऐवजी मेनू उघडायचा.

राहिलेला वाद : ‘वजनात फरक कळवा’. दुकानाचे म्हणणे, हे ठिपक्यांतच असू द्या. पुढच्या मंगळवारी ठरवू.

२२ जुलै, मंगळवार

लक्ष्य ३५ करून अँड्रॉइड १५ च्या फोनवर चालवले. तीन गोष्टी मोडल्या.

एक : बार चेपला. ९ तारखेला ठरवलेले ७२ डीपी मांडणीत ठाम उंची म्हणून लिहिले होते. आता बार तळाच्या बटणांइतके अंतर आपल्या पोटात घेतो. तीन बटणांच्या फोनवर ते ४८. ७२ मधून ४८ गेले, उरले २४, आणि गोळीच ३२ ची. चित्रे अर्धी कापली, नावे दिसेनात. इशाऱ्यांवर चालणाऱ्या फोनवर खालचे अंतर लहान, म्हणून तिथे हा दोष नुसता ‘जरा खेटून दिसतंय’ एवढाच जाणवतो. तपासणी दोन्ही प्रकारांवर करणे भाग आहे. दुरुस्ती : उंची आतल्या मजकुराएवढी, आणि किमान उंची ७२.

दोन : दुरुस्तीनंतर बारखाली रिकामा पांढरा पट्टा. सगळ्यात बाहेरच्या चौकटीवर जुने ‘फिट्स सिस्टिम विंडोज’, म्हणजे फोनच्या घड्याळ-बटणांइतके अंतर आपोआप सोडणारी सेटिंग, चालू होते. तेच अंतर बाहेरच्या चौकटीनेही सोडले आणि बारनेही. नियम करून टाकला : खालचे अंतर बारने सोडायचे, वरचे टूलबारने, बाहेरच्या चौकटीने कोणतेच नाही.

तीन : यादीतली शेवटची पट्टी बारच्या मागे. यादीला खालून बारच्या मोजलेल्या उंचीएवढे पॅडिंग (रिकामी जागा) दिले आणि ‘क्लिप टू पॅडिंग’ बंद केले, म्हणजे सरकवताना ओळी मागून जातात पण शेवटची ओळ पूर्ण वर येते. आकडा हाताने लिहायचा नाही. बार मांडून झाल्यावर त्याची उंची विचारायची.

कीबोर्ड उघडला की बार त्याच्या डोक्यावर येऊन बसतो आणि लिहायची जागा खातो. बार फक्त चार मुख्य पडद्यांवर आणि त्यांच्या आतल्या वाचायच्या पडद्यांवर. काही भरायचे आहे तिथे बार नाही. शोधताना कीबोर्ड दिसतोय तोवर बार लपवायचा.

ही सक्ती टाळायची एक सवलत अँड्रॉइड १५ मध्ये आहे. घेतली नाही. लक्ष्य ३६ झाले की अँड्रॉइड १६ वर ती चालत नाही, मग हेच काम घाईत करावे लागले असते.

२५ जुलै, शुक्रवार

मागचा रस्ता. प्रत्येक घराचा स्वतंत्र आलेख, म्हणजे कुठल्या पडद्यावरून कुठे जाता येते याचा नकाशा, केला. बारच्या मेनूतली ओळख (आयडी) आणि आलेखाची ओळख अक्षरश: एकच हवी. ‘खाते’ला एक अक्षर चुकले होते. दाबले तर काहीच होत नव्हते, क्रॅशही नाही. असे गप्प दोष सापडायला वेळ खातात.

अँड्रॉइडच्या नेव्हिगेशन लायब्ररीत २.४ पासून प्रत्येक घर आपली जागा लक्षात ठेवते. पट्टीत चौथी पट्टी उघडून भावावर गेले आणि परत आले तर तीच पट्टी समोर. उघड्या घरावरच पुन्हा दाबले तर यादीच्या वर न्यायचे. हे स्वतः लिहावे लागते, नाहीतर तो पडदा नव्याने तयार होतो आणि भाव पुन्हा लोड होतात.

‘पट्टी तयार’ची सूचना दाबली की पट्टी भावाच्या आलेखात उघडायची. बारवर गोळी ‘भाव’वर, समोर मात्र पट्टी. आता सूचना पट्टीच्या आलेखातूनच उघडते. मागे गेले की पट्ट्यांची यादी, मग भाव, मग बाहेर.

२९ जुलै, मंगळवार

यार्डात शेडखाली तपासणी. फोन हातात द्यायचा, काम सांगायचे, पहिले बोट कुठे जाते ते लिहायचे, मदत करायची नाही. कामे पाच : आजचा राजापुरीचा भाव सांगा, तुमचा लॉट गेला का बघा, मागची पट्टी मुलाला पाठवा, बाकी किती ते सांगा, पट्टीतले वजन चुकलेय असे दुकानाला कळवा.

पहिल्या चार कामांत बार कामाला आला. ‘माल’ आणि ‘पट्टी’ यांत क्वचित गल्लत झाली : सौदा झाला की माल पट्टीत जातो असे काहींना वाटते. म्हणून विकलेल्या लॉटच्या ओळीवर ‘पट्टी बघा’ असा थेट दुवा दिला.

पाचव्या कामाला ठिपक्यांकडे बोट गेलेच नाही. बोट गेले ते वजनाच्या आकड्यावर. लोक त्या आकड्यावरच दाबत राहिले, आणि शेवटी म्हणाले, दुकानात फोन लावतो. वादाचा निकाल इथे लागला. ‘वजनात फरक कळवा’ आता वजनाच्या ओळीखालीच, अक्षरांत लिहिलेले बटण, उंची ४८ डीपी. खाली मग तोलाई, हमाली आणि बाकीच्या वजावटी. नको ते झाकायला ठिपके वापरायचे नाहीत, हे दुकानालाही पटले, कारण तेच बोलणे फोनवर आले तर दिवाणजींना पट्टी शोधण्यापासून सुरुवात करावी लागते. ॲपमधून आले तर पट्टीचा क्रमांक सोबत येतो.

पट्टीच्या ठिपक्यांत आता दोनच : पीडीएफ ठेवा, छापा.

४ ऑगस्ट, सोमवार

टॉकबॅक, म्हणजे पडद्यावरचे वाचून दाखवणारी फोनची सोय, लावून ऐकले. बारवर प्रत्येक नाव दोनदा वाचले जात होते, एकदा चित्राचे वर्णन म्हणून, एकदा लेबल म्हणून. चित्राचे वर्णन रिकामे केले. ठिपक्यांचे वर्णन नुसते ‘अधिक पर्याय’ होते, आता ‘या पट्टीसाठी अधिक पर्याय’.

‘पट्टी’वर नव्या पट्ट्यांचा आकडा दाखवणारा बॅज. फोनची भाषा मराठी असली की बॅजचा आकडा देवनागरीत येतो, कारण मराठीसाठी प्रणालीचे ठरलेले अंक देवनागरीच. आमच्या यादीतले पट्टी क्रमांक मात्र सर्व्हरवरून इंग्रजी आकड्यांत येतात. एकाच पडद्यावर दोन प्रकार. दुकानाची छापील पट्टी इंग्रजी आकड्यांत असते, म्हणून बॅजलाही तेच अंक लावले. बॅज ॲप उघडल्यावर जात नाही, पट्ट्यांची यादी बघितल्यावर जातो.

८ ऑगस्ट, शुक्रवार

दुकानातल्या टॅबलेटसाठी ६०० डीपी रुंदीपासून खालच्या बारऐवजी डावीकडे उभी रेल, म्हणजे उभा बारच, रुंदी ८० डीपी. तीच चार नावे, तोच क्रम. बाकी बदल नाही.

१८ ऑगस्ट, सोमवार

प्लेवर टप्प्याने सोडले, आधी १० टक्के फोनांवर.

सरकत्या मेनूची सवय असलेल्यांसाठी खात्याच्या पडद्यावर एक ओळ : ‘आधीचा मेनू कुठे गेला?’ दाबले की जुनी ११ नावे जुन्याच क्रमाने, आणि नावावर दाबले की थेट नवी जागा. वरच्या डाव्या कोपऱ्यातल्या तीन रेघा पूर्ण काढल्या. तिथे दुसरे काही ठेवले नाही, सवयीने दाबणाऱ्याचे बोट भलतीकडे पडायला नको.

बाकी : कन्नड लेबले मोठ्या अक्षरांत ९० डीपीत बसतात का, ते अजून मोजायचे आहे. तोवर १० टक्क्यांच्या पुढे न्यायचे नाही.